फायबरच्या नौकेची खिडकी

उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात हा नियम आपल्या शाळेत पदार्थविज्ञानाच्या तासाला प्रतिवर्षी शिकविला जातो. विद्यार्थी तो पाठ करितात, परीक्षेत लिहितात, आणि बहुतेकांच्या बाबतीत तेथेच त्याची समाप्ती होते. परंतु हा नियम ध्यानी न घेता बसविलेली खिडकी एकदोन पावसाळ्यांतच गळू लागते. आणि ती खिडकी घराची नसून नौकेची असली, म्हणजे त्या गळतीचे पर्यवसान कशात होईल याचा भरवसा नसतो. यास्तव ह्या अंकात फायबरच्या नौकेची जुनी खिडकी काढून तीजागी नवी बसविणे ह्या एका साध्या कामाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. काम सुताराचे व काचकाम करणाराचे आहे. पण त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित ह्या तिन्ही विषयांचे पाठ एकत्र आलेले आहेत.

१. विषयाचा आपल्या गावांशी संबंध

ठाणे म्हटले की आगगाडीची आठवण होते. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून निघालेली प्रवासी गाडी ठाण्यास आली आणि १८५४ च्या मे महिन्यात लोहमार्ग कल्याणपर्यंत पोचला. परंतु त्यापूर्वी शेकडो वर्षे ह्या प्रदेशाची वाहतूक मुख्यतः पाण्यावरून होत असे. कल्याण बंदराचा उल्लेख ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ नामक ग्रीक ग्रंथात आहे, आणि कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या देणग्यांची नोंद आढळते. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी हस्तगत केल्यावर दुर्गाडीच्या पायथ्याशी असलेल्या खाडीतच मराठी आरमाराची पायाभरणी झाली.

हा सर्व इतिहास लाकडाचा होय. साग हे नौकेचे लाकूड. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली १८१७ साली बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगत आहे, यावरून त्या लाकडाची योग्यता कळेल. परंतु साग दुर्मिळ व महाग झाला, खाऱ्या पाण्यातील किडा लाकूड पोखरतो, आणि फळ्यांच्या फटींत वेळोवेळी कापूस ठोकून लुकण भरावे लागते. म्हणून गेल्या काही दशकांत कोकणपट्टीच्या बंदरांत लाकडी होड्यांच्या जोडीला फायबरच्या होड्या आल्या. पुढे २०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा जलमार्ग, वसईची खाडी व उल्हास नदी मिळून राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ ठरविण्यात आला, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत वसई व भाईंदर यांच्या दरम्यान वाहने नेणारी बोट सुरू झाली. आगगाडीच्या दाराशी लोंबकळत जाणाऱ्या आपल्या पालकांचा काही भार पाण्यावर जाईल, तर त्या नौकांची निगा राखणारी माणसेही ह्याच गावांतून निघाली पाहिजेत.

२. नौकेची काया

‘फायबर’ हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. पण तो पदार्थ एक नसून दोहोंचा संयोग आहे. आपल्या जिल्ह्यातील पाड्यांवर कुडाच्या भिंती पुष्कळांनी पाहिल्या असतील. कारवीच्या काठ्या उभ्या करून वरून माती व शेण यांचा लेप देतात. नुसती काठी वाकते, नुसती माती भेगाळून पडते. दोन्ही एकत्र झाल्यावर भिंत उभी राहते. फायबरच्या नौकेत काठीचे काम काचेचे बारीक तंतू करितात आणि लेपाचे काम रेझिन नावाचा राळेसारखा द्रव करितो. तंतूंच्या चटया साच्यात अंथरून त्यांवर रेझिन मुरवितात. त्यात मिसळलेल्या हार्डनरामुळे तो द्रव काही वेळाने दगडासारखा घट्ट होतो. अशा नौका १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेत प्रथम प्रचारात आल्या.

नौकेचा तळ बहुधा भरीव असतो. परंतु वरच्या खोलीच्या भिंती व छप्पर हलके राहावे म्हणून पुष्कळदा फायबरच्या दोन पातळ थरांमध्ये हलक्या लाकडाचा, प्लायवुडाचा किंवा फेसासारख्या प्लास्टिकचा गाभा घालतात. खिडकी ह्याच भिंतीत असते. खिडकीसाठी भोक कापले की गाभा उघडा पडतो, आणि ती उघडी कड नीट बंद केली नाही तर सर्व अनर्थ तेथून सुरू होतो. पाणी थेंबाथेंबाने गाभ्यात शिरते, लाकूड कुजते, दोन थर एकमेकांपासून सुटतात. बाहेरून मात्र भिंत पांढरीशुभ्र व गुळगुळीत दिसत राहते.

३. खिडकी का गळते?

कारणे मुख्यतः तीन आहेत. पहिले, सूर्य. उन्हातील अतिनील किरणांनी प्लास्टिकचे तावदान जुने होऊन त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे सूक्ष्म तडे पडतात, व सांधा भरणारे सीलंट कडक होऊन त्याची पकड सुटते. दुसरे, प्रसरण व आकुंचन. त्याचे गणित पुढे देत आहोत. तिसरे, धातूंची आपसांतील झीज. चौकट ॲल्युमिनियमची आणि स्क्रू स्टेनलेस पोलादाचे असले, म्हणजे खारे पाणी मध्ये येताच तेथे एक लहानशी विद्युत्‌घटमाला तयार होते. तीत ॲल्युमिनियम झिजते, पांढरी भुकटी साचते आणि चौकट उचलली जाते.

गळतीची परीक्षा करण्याची रीत सोपी आहे. एकाने दिवा घेऊन आत बसावे, दुसऱ्याने बाहेरून रबरी नळीने पाणी सोडावे. मात्र आरंभ खालच्या कडेपासून करून हळूहळू वर जावे. आरंभीच वरून पाणी सोडल्यास ते सर्वत्र ओघळते व मूळ भोक सापडत नाही. त्यानंतर खिडकीच्या सभोवार हातोडीच्या दांड्याने हलके ठोकून पाहावे. माठ घेताना आपल्या घरची वडील माणसे टिचकी मारून तो पारखतात, तद्वत् येथेही ठणठणीत आवाज आल्यास भिंत शाबूत आणि बद्द आवाज आल्यास गाभा कुजलेला समजावा.

४. जुनी खिडकी काढणे

प्रथम ऋतूचा विचार. ज्येष्ठ-आषाढात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत पुष्कळांस सवड असते. म्हणून दुरुस्ती तेव्हाच उरकावी असा मोह होतो. पण तोच काळ ह्या कामास सर्वांत वाईट होय. ओल्या गाभ्यावर व दमट कडेवर रेझिन धरत नाही. माघापासून वैशाखापर्यंतचे कोरडे दिवस ह्या कामाचे होत.

स्क्रू काढून झाल्यावर चौकट पहारीने उचकटू नये, कारण त्यायोगे फायबरचा वरचा थर तुटतो. पातळ सुरी किंवा मजबूत तार सांध्यात घालून करवतीप्रमाणे पुढेमागे ओढावी, म्हणजे जुने सीलंट कापले जाते. मग भोकाचा आकार जाड कागदावर उतरवून घ्यावा आणि त्या कागदावर ‘बाहेरची बाजू’ व ‘नाळेकडची बाजू’ अशी अक्षरे लिहावी. डाव्या खिडकीचा कागद उलटा केला की उजवीचा नमुना मिळतो असे मानू नये. हाताने कापलेली दोन भोके क्वचितच तंतोतंत सारखी असतात. प्रत्येक खिडकीचा कागद निराळा घ्यावा.

कडेचा कुजलेला गाभा एक-दोन सेंटिमीटर आतपर्यंत खरवडून काढावा, कित्येक दिवस कड वाळू द्यावी, आणि मग भुकटी घालून दाट केलेले इपॉक्सी त्या खाचेत ठासून भरावे. जुन्या फायबरवर इपॉक्सीची पकड साध्या पॉलिएस्टर रेझिनपेक्षा चांगली बसते. ही कड एकदा भरीव झाली म्हणजे पुढे कधी सीलंट सुटले तरी पाणी गाभ्यापर्यंत पोचत नाही. हे काम तावदानाखाली झाकून जाते. ते केले की नाही हे मालकास दिसत नाही, आणि म्हणूनच घाईचा कारागीर ते गाळतो.

५. तावदान कशाचे असावे?

काच येण्यापूर्वीही खिडक्या होत्या. गोव्यातील जुन्या घरांत चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्या लाकडी पट्ट्यांत बसवून केलेली तावदाने आजही पाहावयास मिळतात. उजेड आत यावा व ऊन बाहेर राहावे ही सोय त्यांनी उत्तम साधली होती. नौकेस मात्र स्पष्ट दिसणारे व मार सोसणारे तावदान लागते. त्यासाठी आज तीन पदार्थ वापरतात.

कडक केलेली काच ओरखडत नाही व उन्हाने पिवळी पडत नाही. परंतु ती जड असते आणि एकदा कडक केल्यावर तिला कापता किंवा भोक पाडता येत नाही. ॲक्रिलिक हे १९३० नंतरच्या दशकात बाजारात आले व दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या खिडक्यांस वापरले गेले. त्या युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत शिरलेल्या ॲक्रिलिकच्या कपच्या डोळ्यास बाधत नाहीत असे हॅरल्ड रिडली ह्या इंग्रज डॉक्टरांनी पाहिले, आणि १९४९ साली त्याच पदार्थाचे भिंग त्यांनी प्रथम रोग्याच्या डोळ्यात बसविले. आपल्या आजी-आजोबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा उगम असा विमानाच्या खिडकीत आहे. तिसरा पदार्थ पॉलिकार्बोनेट. १९५३ साली जर्मनीत हेर्मान श्नेल यांनी तो शोधून काढला. तो फार चिवट असून हातोडीच्या घावानेही सहसा फुटत नाही. पण ॲक्रिलिकपेक्षा लवकर ओरखडतो, अधिक वाकतो, आणि वरून संरक्षक लेप नसल्यास उन्हाने पिवळा पडतो.

वजनाची तुलना विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावी. तावदान १ मीटर लांब, ४० सेंटिमीटर रुंद व ६ मिलिमीटर जाड धरल्यास त्याचे घनफळ २,४०० घन सेंटिमीटर होते. काचेची घनता सुमारे २·५, म्हणून काचेचे वजन ६ किलोग्रॅम. ॲक्रिलिकची घनता सुमारे १·१९, म्हणून त्याचे वजन २·८६ किलोग्रॅम. छपरालगतच्या सहा खिडक्यांत हा फरक सुमारे १९ किलोग्रॅमचा पडेल. आणि नौकेत वजन जितके उंचावर तितकी ती कलंडण्यास सोपी, हे सर्वांस ठाऊक आहेच.

मोठ्या खिडकीस बहुधा ॲक्रिलिक पसंत करितात. कोपरे मात्र काटकोनी ठेवू नयेत. चौकोनी भोकाच्या कोपऱ्यापाशी ताण एकवटतो व तेथून तडा सुरू होतो. १९५४ साली कॉमेट जातीची दोन जेट विमाने आकाशात फुटली, तेव्हा चौकशीत असाच दोष दिसून आला: विमानाच्या पत्र्यातील खिडकीवजा भोकांच्या कोपऱ्यांशी ताण साचून धातू थकला होता. त्यानंतर विमानांच्या खिडक्यांचे कोपरे चांगले गोलाकार झाले. नौकेच्या खिडकीसही हाच न्याय लागू आहे.

६. प्रसरणाचे गणित

आता मुख्य पाठाकडे वळू. एका अंश सेल्सिअसने तापमान वाढले असता ॲक्रिलिक आपल्या लांबीच्या सुमारे दहा लक्षांश ७० भागांनी वाढते. फायबरची भिंत सुमारे २५ भागांनी, आणि पोलाद सुमारे १२ भागांनी.

समजा, पौषातील सकाळी २५ अंशांवर १ मीटर लांबीचे तावदान बसविले. वैशाखातील दुपारी गडद रंगाचे तावदान ६० अंशांपर्यंत तापले, म्हणजे वाढ ३५ अंशांची झाली. ॲक्रिलिक ७० × ३५ = २,४५० दशलक्षांश मीटर, म्हणजे सुमारे २·४५ मिलिमीटर वाढेल. भिंतही तितकीच तापली असे धरले तरी ती फक्त ०·८८ मिलिमीटर वाढेल. फरक सुमारे १·६ मिलिमीटर. तो दोन्ही टोकांस वाटला म्हणजे प्रत्येक टोक सुमारे ०·८ मिलिमीटर सरकेल.

हा आकडा क्षुल्लक भासतो; परंतु तो सोसावयाचा कोणी? तावदान व भिंत यांमधील सीलंटाच्या थराने. तो थर ३ मिलिमीटर जाड ठेवला, तर त्यास आपल्या जाडीच्या सुमारे एक-चतुर्थांश एवढेच कलावे लागते, आणि रबरासारखा पदार्थ ते वर्षानुवर्षे सहज करितो. पण तावदान घट्ट बसावे म्हणून स्क्रू आवळून सीलंट पिळून काढले व थर अर्धा मिलिमीटरच उरला, तर त्यास आपल्या जाडीच्या दीडपटीहून अधिक सरकावे लागेल. रोज दुपारी एका बाजूस व रोज रात्री दुसऱ्या बाजूस अशी ओढाताण झाल्यावर तो फाटतो. ज्याने जास्तीत जास्त घट्ट केले त्याचीच खिडकी लवकर गळते, याचे कारण हे होय.

लोहमार्गाच्या जुन्या रुळांत सांध्यापाशी फट का ठेवीत, हे ह्याच हिशेबाने कळेल. १३ मीटरचा पोलादी रूळ ३५ अंशांच्या वाढीने सुमारे साडेपाच मिलिमीटर लांबतो.

७. नवी खिडकी बसविणे

तावदान भोकाहून सभोवार पुरेसे मोठे कापून भिंतीच्या बाहेरील अंगाने बसवावे. लाट आपटली असता पाण्याचा रेटा तावदानास भिंतीवर दाबतो. आतून बसविलेल्या तावदानास तोच रेटा ढकलून देऊ पाहतो. हा रेटा सामान्य नसतो. वर सांगितलेल्या तावदानावर सरासरी अर्धा मीटर उंचीचे पाणी चढले, तर त्यावर ०·४ × ०·५ = ०·२ घनमीटर पाण्याचा, म्हणजे सुमारे दोनशे किलोग्रॅमचा भार येतो.

स्क्रू घालावयाचेच असतील तर ५ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी तावदानात ८ मिलिमीटरचे भोक पाडावे, व स्क्रूचे डोके खालून सपाट असावे. निमुळते डोके पाचरीसारखे शिरून ॲक्रिलिक फोडते. भोक पाडताना तावदानाखाली लाकूड धरावे व गिरमिट सावकाश फिरवावे.

सीलंटाची निवड विचाराने करावी. पॉलिसल्फाइड लाकूड व धातू यांस चांगले, परंतु ॲक्रिलिक व पॉलिकार्बोनेट यांस ते अपाय करिते. सिरक्याचा वास येणारे सिलिकोन धातूस गंजविते. म्हणून वास नसलेले, न्यूट्रल जातीचे व बांधकामाच्या प्रतीचे सिलिकोन घ्यावे. तावदान पुसण्यास साबणाचे पाणी पुरे. थिनर, ॲसिटोन किंवा पेट्रोल लावल्यास तावदानास तडे जातात. पवित्र शास्त्रात नोहाच्या तारवास आतून व बाहेरून डांबर लावल्याचे व उजेडासाठी खिडकी ठेवल्याचे वर्णन आहे. उजेड हवा व पाणी नको ही नौका बांधणाराची अडचण इतकी पुरातन आहे.

कड स्वच्छ व कोरडी करून ३ मिलिमीटर जाडीच्या रबरी चकत्या ठिकठिकाणी चिकटवाव्या. त्या चकत्याच सीलंटाचा थर योग्य जाडीचा राखतात. मग सीलंटाची अखंड, कोठेही न तुटलेली वेटोळी सभोवार सोडून तावदान दोघांनी समान जोराने चकत्यांस टेकेपर्यंत दाबावे व चिकटपट्ट्यांनी धरून ठेवावे. सीलंट हवेतील ओलाव्याने बाहेरून आत हळूहळू घट्ट होते. म्हणून कित्येक दिवस नौका हलवू नये. शेवटी जास्तीचे सीलंट धारदार पात्याने कापून नळीच्या पाण्याची परीक्षा पुन्हा घ्यावी. तावदानाच्या कडेच्या आतील अंगास बसविण्यापूर्वीच काळा पट्टा दिलेला असल्यास चिकटलेल्या भागास ऊन लागत नाही व सांधा अधिक टिकतो.

८. सावधगिरी

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २३ मे २०२४ रोजी रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटाने मनुष्यहानी झाली व दूरवरच्या घरांची तावदाने फुटली. तेव्हा रसायनांविषयी धाक बाळगण्यास आपल्या वाचकांस निराळे सांगावयास नको. तथापि ह्या कामातील काही धोके सांगणे आमचे कर्तव्य आहे.

पॉलिएस्टर रेझिनचा हार्डनर हे पेरॉक्साइड जातीचे द्रव्य आहे. ते डोळ्यात उडाल्यास दृष्टी जाऊ शकते. म्हणून चष्मा लावल्याशिवाय बाटलीचे झाकण उघडू नये, आणि उडालेच तर तत्काळ स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटे डोळा धुऊन डॉक्टरांकडे न्यावे. हार्डनर व कोबाल्टचे ॲक्सिलरेटर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. तसे केल्यास भडका उडतो. ॲक्सिलरेटर आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून मगच हार्डनर घालावा. रेझिन घट्ट होताना उष्णता सोडते. खोल डब्यात मोठा साठा कालवल्यास तो धुमसू लागतो, म्हणून थोडेथोडे व पसरट भांड्यात कालवावे. फायबर घासताना उडणारी काचेची धूळ छातीस व कातडीस वाईट. तोंडावर चांगला मास्क व अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे असावे. ही कामे मुलांनी एकट्याने करू नयेत. जाणत्या कारागिराशेजारी उभे राहून पाहावीत.

९. पालकांस दोन शब्द

हाताने काम करणाऱ्यास विद्येची गरज नाही आणि विद्या संपादन करणाऱ्याने हाताचे काम करू नये, अशी समजूत अजून कित्येक घरांत आहे. वरील विवेचनावरून ती कितपत खरी आहे याचा निर्णय पालकांनीच करावा. फेरीच्या नौकेत बसणारे प्रवासी, आपापल्या मुलांसह, ज्याने ती गाभ्याची कड भरली त्या अनोळखी माणसाच्या ज्ञानावर व प्रामाणिकपणावर विसंबून असतात. मुलगा किंवा मुलगी दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाऊ इच्छीत असेल, तर त्यास कमी प्रतीचा मार्ग समजून परावृत्त करू नये, एवढीच आमची विनंती आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

(१) २ मीटर लांबीच्या ॲक्रिलिक तावदानासाठी, तापमानात ३० अंशांचा फरक धरून, प्रत्येक टोकाचे सरकणे काढा व सीलंटाचा थर किती जाड असावा ते सकारण सांगा.

(२) काचेचे प्रसरण एका अंशास सुमारे दहा लक्षांश ९ भाग आहे. काचेचे तावदान लावल्यास फायबरची भिंत व तावदान यांपैकी अधिक कोण वाढेल?

(३) आपल्या घराच्या किंवा शाळेच्या एका खिडकीचे निरीक्षण करून, पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून तीत कोणकोणत्या योजना केल्या आहेत, ते दहा ओळींत लिहा.